चिऱ्याचं घर, नारळाची वाडी आणि खांबावरचा ॲक्सेस पॉइंट

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. टीपी-लिंकचा ‘ईएपी२२५-आउटडोअर’ हा उघड्यावर लावायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय हवेत सोडणारा डबा, आमच्या वाडीत अख्खा पावसाळा भिजला, तरी ठणठणीत आहे, आणि वाडीतल्या खोल्यांमधून पाहुणे निर्धास्त व्हिडिओ कॉल करतात. पाचपैकी चार तारे. मात्र ज्यांना केबल ओढायचीच नाही त्यांनी हा घेऊ नये. का, ते पुढे येतंच.

दापोली तालुक्यात किनाऱ्याच्या बाजूला आमचं जुनं घर, आणि मागे नारळी-पोफळीची वाडी. घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो, वाडीत आणखी दोन बांधल्या. माझी सगळी नोकरी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. निवृत्त होऊन इथे आलो तेव्हा वाटलं, तारा आणि खांब एकदाचे सुटले. पण २०२० नंतर पाहुण्यांची तऱ्हाच बदलली. पूर्वी फोनवर विचारायचे, ‘काकू, उकडीचे मोदक मिळतील ना?’ आता पहिला प्रश्न, ‘वायफाय कसंय? सोमवारी सकाळी मीटिंग आहे.’ मोदकांचा नंबर नंतर लागतो.

घर जांभ्या चिऱ्याचं आहे. जुन्या भागात भिंती दीड फूट जाड. मागच्या पडवीची कौलं ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात गेली, तिथे पत्रा आला. फायबरचा डबा ओटीवर, कारण रस्त्यावरून वायर तिथेच येते. आणि वाडीतल्या खोल्या घरापासून चाळीसेक मीटर आत. म्हणजे सिग्नलला ओटीवरून निघून माजघर, स्वयंपाकघर, पत्र्याची पडवी आणि मग केळी-पोफळी पार करून जायचं. तो जात नव्हता हे सांगायला नकोच.

आता थोडी शब्दांची उजळणी, कारण दुकानात गेल्यावर याच शब्दांनी माणसाला गुंडाळतात. फायबर ज्या पांढऱ्या डब्यात शिरते तो ओएनटी. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचं तो विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. राउटरचं काम वेगळं: कंपनीकडून मिळालेला एकच पत्ता घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपांमध्ये वाटून वापरायचा, प्रत्येकाला घरातल्यापुरता आयपी पत्ता द्यायचा आणि आल्या-गेल्याचा हिशेब ठेवायचा. ॲक्सेस पॉइंट यातलं काहीच करत नाही. तारेवरून आलेलं हवेत सोडायचं आणि हवेतून आलेलं तारेवर चढवायचं, एवढंच त्याचं काम. स्विच म्हणजे एका तारेच्या चार किंवा आठ करणारी पेटी. कंपनीवाला जो डबा लावून जातो त्यात हे सगळं एकत्र कोंबलेलं असतं, म्हणून आपण सरसकट सगळ्याला ‘वायफाय’ म्हणतो.

हा फरक कळण्याचा रोजचा उपयोग सांगते. पाहुणा येऊन म्हणतो, ‘काकू, वायफाय फुल दाखवतंय पण नेट नाही.’ फोनवरच्या त्या रेघा फक्त फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यामधलं दाखवतात. त्याच्या पलीकडे रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली असेल तर रेघा पूर्ण असूनही नेट शून्यच. अशा वेळी मी आधी ओएनटीवरचा लाल दिवा बघते, मग पाहुण्यांना समुद्रावर पाठवते.

वायफाय चालतं ते मुख्यतः दोन पट्ट्यांत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसरीची त्याच्या निम्म्याहून कमी. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत जास्त अडकते. शिवाय मोकळ्या मैदानातही, ताकद सारखी आणि अँटेना सारखे असतील तर त्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे ७ डेसिबलने कमी पोचतो. ७ डेसिबल म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. मग ५ वापरायचाच कशाला? कारण तिथे जागा भरपूर आणि गर्दी कमी. २.४मध्ये वायफायबरोबर ब्लूटूथही आहे, बिनतारी माऊस आहे आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही. आमच्याकडे नाश्त्याच्या वेळी मायक्रोवेव्ह लागला की शेजारच्या खोलीत २.४वर बोलणाऱ्याचा आवाज तुटायचा, हे कानांनी ऐकलेलं आहे.

जांभ्याबद्दल एक गोष्ट जास्तीची. तो दगड सच्छिद्र आहे, पाणी पितो. आणि पाणी हा या लहरींचा वैरी आहे. मे महिन्यात माजघरात जेमतेम मिळणारा ५ गिगाहर्ट्झ जुलैत मिळायचाच नाही. वाडीतही तेच, ओल्या पानांमधून सिग्नल कोरड्यापेक्षा कमी निघतो. पुण्या-मुंबईच्या सहा इंची विटांच्या फ्लॅटमध्ये बसून कोणी ‘आमच्याकडे एकाच राउटरवर सगळं घर चालतं’ असं लिहिलं असेल, तर कोकणातल्या माणसाने ते वाचून सोडून द्यावं.

डेसिबल हा शब्द ऐकून घाबरू नका. फोनवर वायफाय ॲनालायझर जातीचं कुठलंही फुकट ॲप घ्या, ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. उणे ३० म्हणजे त्याचा हजारावा भाग, उणे ६० म्हणजे दहा लाखावा. आकडे उणे असतात, म्हणून उणे ५० हा उणे ८०पेक्षा चांगला. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधोक, ७५च्या पुढे कुरकुर, ८५च्या पुढे व्हॉट्सॲपचा मेसेजसुद्धा घड्याळ दाखवत बसतो. आमच्या ओटीवर उणे ३८, एक भिंत ओलांडून माजघरात २.४ उणे ५८ आणि ५ उणे ७०, मागच्या पडवीत पत्र्याच्या कृपेने ५ गिगाहर्ट्झ गायब, आणि वाडीतल्या पहिल्या खोलीत २.४ उणे ८८. जागेवरची ही मापं हातात असली की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं.

सल्ले अर्थात भरपूर मिळाले. पुतण्या म्हणाला, ‘काकू, मोठा राउटर घे, सहा अँटेनावाला.’ एकाने एक्स्टेंडर सुचवला, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा. तिसऱ्याने मेश.

मोठ्या राउटरचं आधी निकालात काढू. राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. वायफाय दुतर्फा आहे. राउटरचा सिग्नल फोनला पोचला आणि फोनचं उत्तर राउटरला ऐकू आलं नाही, तर रेघा दिसतात पण काम होत नाही. ताकद वाढवायलाही सरकारी मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे.

एक्स्टेंडरची गोम अशी, की एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका गल्लीत, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. साधा एक्स्टेंडर ज्या रेडिओवर राउटरचं ऐकतो त्याच रेडिओवर फोनशी बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा हवेत जाते. वेग सरळ निम्म्यावर येतो. आणि लोक तो लावतात कुठे? जिथे सिग्नल नाही तिथे. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे सांगणार काय?

मेश हा प्रकार वाईट नाही. दोन-तीन डबे, एकच नाव, डबे आपापसात ठरवतात. नव्या, पातळ भिंतींच्या दुमजली घराला उत्तम. पण डब्यांचं आपापसातलं बोलणंही हवेतूनच होतं, त्याला बॅकहॉल म्हणतात, आणि आमच्याकडे तो बॅकहॉलच दीड फुटी चिऱ्यात अडकणार होता. मेशच्या डब्यांना तारेने जोडता येतं, मग मस्त चालतं. पण तार टाकायचीच असेल तर वाडीत पावसात उभा राहणारा ॲक्सेस पॉइंटच का नको? माझं मत तिथे ठरलं. बिनतारी चांगलं हवं असेल तर तार जमेल तितकी पुढे न्यायची आणि शेवटचा टप्पा तेवढा हवेवर सोडायचा. एक्स्चेंजमध्येही हाच हिशेब होता.

तर आता वस्तू. हा ईएपी२२५-आउटडोअर साधारण सहा-सात हजारांच्या घरात मिळतो, भाव वर-खाली होतात. पांढरा, लांबट, हाताच्या पंज्याएवढा. खाली केबलचं एकच तोंड, गिगाबिटचं, त्यावर पाणी अडवणारं रबर. खोक्यात भिंतीवर किंवा खांबावर बसवायचं सामान येतं. अँटेना दोन, आपणच फिरवून बसवायचे. संरक्षण आयपी६५ दर्जाचं. यातला ६ म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही, ५ म्हणजे कुठल्याही बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. पाण्यात बुडवायला नाही, पण वाडीत बुडवणार कोण?

खोक्यावर एसी१२०० लिहिलंय. या आकड्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ५ गिगाहर्ट्झचा जास्तीत जास्त वेग ८६७ मेगाबिट, २.४चा ३००, बेरीज ११६७, ती फुगवून १२००. पण कुठलाही फोन दोन्ही पट्ट्यांवर एकाच वेळी बोलून ही बेरीज वापरत नाही. ते ८६७सुद्धा दोन प्रवाह (दोन अँटेनांवरून एकाच वेळी जाणारे डेटाचे दोन ओघ) आणि ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल गृहीत धरून. एकाच प्रवाहाचा स्वस्त फोन असेल तर ४३३ आलाच. शिवाय हा हवेतला वेग, त्यातला मोठा वाटा सूचना, पावत्या आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं यात जातो. हातात निम्मा आला तर चांगला. आणि मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, आठाने भागा. हे सगळं खोटं नाही, पण खोक्याच्या पुढच्या बाजूला एवढं मोठं छापण्यासारखंही नाही. सगळ्याच कंपन्या असंच करतात. आमचं कनेक्शनच १०० मेगाबिटचं, त्यामुळे हा यंत्राचा वेग मला कधी अपुरा पडला नाही.

‘एसी’ म्हणजे ८०२.११एसी, २०१३चं मानक. आधीचं ‘एन’ २००९चं. २०१८मध्ये वायफाय अलायन्सला शहाणपण सुचलं आणि त्यांनी साधे क्रमांक दिले: एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे वायफाय ५, त्यानंतरचं एएक्स म्हणजे वायफाय ६. हे यंत्र पाचव्या पिढीचं आहे. फोन जुना असला तरी नव्या यंत्राशी बोलतो, नवा जुन्याशीही बोलतो, दोघांना समजेल त्या मानकावर गाडी येते.

मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे पीओई. वीज आणि डेटा एकाच केबलमधून. वाडीत खांबावर वेगळं विजेचं कनेक्शन नेऊन पावसात सॉकेट लावायचं म्हटलं असतं तर मी हा उद्योगच केला नसता. आमचं तर आयुष्य अशा जोडतारेत गेलं, टेलिफोनलाही वीज एक्स्चेंजमधूनच यायची. खोक्यात २४ व्होल्टचा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा डबा, येतो. तो घरात कोरड्या जागी ठेवायचा, राउटरकडून एक केबल त्यात, दुसरी त्याच्यातून निघून थेट खांबावर. ज्यांच्याकडे ८०२.३एएफ या पीओईच्या मानकाचा स्विच आहे त्यांना इंजेक्टरची गरज नाही, यंत्राला दोन्ही चालतात. केबलची मर्यादा १०० मीटर. आमचं काम वळणं-वळसे धरून सत्तरच्या आत भागलं.

बसवायला गावचा वायरमन आला. माणूस हुशार, पण त्याचा आग्रह, ‘वहिनी, उंच माडावर लावू, लांबपर्यंत जाईल.’ इथे अँटेनाचं शास्त्र आडवं येतं. उभ्या दांडीचा अँटेना सगळीकडे सारखा पसरवत नाही. त्याचा सिग्नल मेदुवड्याच्या आकाराचा असतो: दांडी वड्याच्या भोकात उभी, चारी बाजूंना आडवा भरपूर, वर आणि खाली जवळपास नाही. माडाच्या शेंड्याला लावला असता तर शेजारच्या वाडीत उत्तम सिग्नल आणि आमच्या खोल्या भोकाखाली. डीबीआय हा आकडा याचाच. तो जितका मोठा तितका वडा चपटा आणि रुंद. अँटेना नवी ताकद तयार करत नाही, आहे ती एका दिशेला जास्त वळवतो. या यंत्राचे अँटेना ३-४ डीबीआयचे आहेत, म्हणजे फार चपटे नाहीत, आणि आमच्यासारख्या जागेला तेच बरं. शेवटी दोन खोल्यांच्या मधल्या लोखंडी खांबावर, पडवीच्या पत्र्यापासून दूर, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर बसवला. माडावर न लावण्याचं आणखी एक कारण होतं. नारळ पडतात.

वानरांचा उपद्रव अपेक्षित होता. त्यांनी एक अँटेना वाकवून बघितला, चव आवडली नसावी. केबल मात्र खांबापर्यंत पीव्हीसी पाइपातून नेली आहे, कारण उंदीर आणि खारी यांना चवीचं काही नसतं.

विजांचं सांगितलंच पाहिजे. उघड्यावरून येणारी तांब्याची तार म्हणजे वीज घरात आणायची वाट. आम्ही खांबापाशी मीठ-कोळशाचा खड्डा करून अर्थिंग केलं आणि घराच्या तोंडाशी केबलला सर्ज प्रोटेक्टर लावला. तरी कडकडाट सुरू झाला की मी इंजेक्टर बंद करते आणि राउटरकडे जाणारी केबलही उपटते. यंत्र गेलं तर सहा-सात हजार, पण त्याच तारेवरून ओटीवरचं सगळं जाऊ शकतं. अंतर जास्त असेल आणि बजेट असेल तर मधला भाग फायबरने करा, काचेतून वीज येत नाही.

सेटिंग फोनवरच्या टीपी-लिंकच्या ओमाडा ॲपवरून किंवा ब्राउझरमधून. ॲप इंग्रजीत आहे, पण नीट मांडलेलं. एकट्या यंत्राला वेगळा कंट्रोलर, म्हणजे अनेक यंत्रं एकत्र हाकणारा, लागत नाही. मी काय बदललं ते सांगते, यातलं बरंच कुठल्याही राउटरला लागू आहे.

चॅनेल. २.४मध्ये आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकमेकांना न घासणारी तीनच: १, ६ आणि ११. घरातला राउटर १वर, वाडीतला ११वर, दोन्ही २० मेगाहर्ट्झ रुंदीवर. ३०० मेगाबिटचा आकडा दिसावा म्हणून ४० ठेवायचा मोह टाळा, तेवढ्या अरुंद पट्ट्यात ४० म्हणजे निम्मी जागा अडवणं. ५ गिगाहर्ट्झला जागेची ददात नाही. २०१८मध्ये सरकारने तिथला मोठा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला.

ताकद. कारखान्यातून ती कमाल ठेवलेली येते. मी २.४ची कमी केली. वायरमनला हे काही केल्या पटेना, ‘पैसे दिलेत तर पूर्ण वापरा की.’ पण पूर्ण ताकदीवर ठेवलं की पाहुणा ओटीवर जेवायला बसला तरी त्याचा फोन वाडीतल्या यंत्राचाच पदर धरून बसतो, शेजारी राउटर असूनही. कुठल्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो, आणि बरेचसे फोन जुनं सोडायला नाखूश असतात. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की फोनला सोडून द्यायची सोय यंत्रात आहे, तीही लावली. आता वाडीतून घरात येताना फोन बदलतो, पण क्षणभर कॉल अडखळतो. अगदी विनाखंड रोमिंग हवं असेल तर सगळी यंत्रं एकाच कुटुंबातली आणि वर कंट्रोलर, असा खर्च आहे. आमच्या पाहुण्यांना चालता चालता मीटिंग करायची नसते, केली तर पोफळीला धडकतील.

हा दूरचा फोन सोडण्याचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. चॅनेलवर एका वेळी एकच बोलतो, हे वर आलंच. उणे ८५वर लटकणारा फोन अतिशय सावकाश बोलतो, म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला कितीतरी पट वेळ हवा अडवतो, आणि त्या वेळात बाकीचे सगळे गप्प. एका माणसाच्या खराब सिग्नलचा भुर्दंड सगळ्या वाडीला.

नाव, म्हणजे एसएसआयडी. घरात आणि वाडीत पाहुण्यांसाठी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवलाय. आमचं स्वतःचं वेगळं, त्यावर कॅमेरे आणि बुकिंगचा लॅपटॉप. पाहुण्यांच्या नावाला गेस्ट नेटवर्क केलं, म्हणजे एका पाहुण्याच्या लॅपटॉपला दुसऱ्याचा दिसत नाही. सुरक्षा डब्ल्यूपीए२, पासवर्ड मराठी शब्दांचा लांबलचक. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१मध्येच फोडली गेली होती, तरी एका ओळखीच्या लॉजवर ती अजून चालू पाहिली आणि कपाळाला हात लावला. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडून घ्यायचं, बटण असलेला राउटर असेल तर ती सोय बंद करून टाका.

आयपी पत्त्यांकडेही बघा. राउटर हे पत्ते ठरावीक मुदतीवर देतो, त्याला लीझ म्हणतात. आमच्याकडे शनिवार-रविवारी गर्दी, माणशी दोन-दोन उपकरणं, आणि मुदत सात दिवसांची होती. पाहुणे गेले तरी त्यांचे पत्ते अडून राहायचे, मग नव्याला ‘कनेक्ट होतंय’ एवढंच दिसायचं. मुदत काही तासांवर आणली, विषय संपला.

आता कामगिरी. वाडीतल्या जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ उणे ५२, दूरच्या खोलीत उणे ६१. वाडीतल्या खोल्यांच्या भिंती नव्या आणि पातळ आहेत, आणि खिडक्या यंत्राकडे तोंड करून आहेत, त्याचाही हातभार. १०० मेगाबिटच्या कनेक्शनवर दूरच्या खोलीत नव्वदच्या आसपास मिळतात. मुसळधार पावसात उणे ६५-६६पर्यंत घसरतं, कॉल चालतो. विहिरीपाशी २.४ मिळतं, त्यापलीकडे मी मोजलंच नाही, तिकडे विंचू असतात.

एका पाहुण्याने गोड शब्दांत तक्रार केली, की वेग छान आहे पण गेम अडकतो. हे वेगाचं दुखणं नव्हे, लेटन्सीचं: निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. यंत्रापर्यंतचा फेरा दोन-चार मिलिसेकंदांचा होता. उशीर पुढे, गावाबाहेर कुठेतरी. ॲक्सेस पॉइंट बदलून ते सुटत नाही.

एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. पहिली, सोबतचा इंजेक्टर २४ व्होल्टचा. आमच्याकडे वीज जाते. ओटीवरचा राउटर आणि ओएनटी १२ व्होल्टच्या छोट्या डीसी यूपीएसवर तासन्‌तास चालतात, पण त्या यूपीएसवर हा इंजेक्टर चालत नाही. त्याला एक तर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या किंवा पीओईचं तोंड असलेला, योग्य व्होल्टेजचा यूपीएस शोधा. आम्ही इन्व्हर्टरची लाइन फिरवून घेतली, तो खर्च वेगळा झाला. दुसरी, पिढी पाचवी. याच कुटुंबात वायफाय ६चा ईएपी६१०-आउटडोअर आहे. आज नव्याने घेणाऱ्याला, एकाच जागी तीस-चाळीस फोन जमत असतील, लग्नाचं लॉन वगैरे असेल, तर मी तोच घ्यायला सांगेन, गर्दी हाताळायला सहावी पिढी बरीच सुधारली आहे. दोन-चार खोल्यांच्या होमस्टेला हा पुरतो.

फ्लॅटवाल्यांनी घेऊ नये. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोक पाडता येत नाही, तिथेही नाही. तिथे मेशच बरा, डबे भिंतीच्या कोपऱ्यात न लपवता दाराच्या रेषेत ठेवले तर. काजूचा कारखाना, आमराईतलं घर, शाळेचं पटांगण, बंदरावरची टपरी यांना हा अगदी सोयीचा आहे.

केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कॅट-६, बाहेरच्या वापराची, काळ्या वेष्टनाची आणि शुद्ध तांब्याची मागा. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा सीसीए असते, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध जास्त, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि यंत्र रात्री-अपरात्री आपोआप रीस्टार्ट होत राहतं, दोष मात्र यंत्रावर येतो. दुकानातच एक तार सुरीने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर तिथेच परत करा.